तीन कॉर्ड्स आणि डावा हात

पियानोवर किंवा घरातल्या साध्या कीबोर्डवर पहिल्या तीन कॉर्ड्स शिकायला नवशिक्याला एखादी संध्याकाळ पुरते. बोटे अडखळतात, एक पट्टी दबते तर दुसरी राहून जाते. पण तास-दोन तासांत एखाद्या बालगीताला साथ धरण्याइतका हात बसतो. जाणत्या लोकांनी या शिक्षणाकडे संशयाने पाहिले ते त्याच्या या सोपेपणामुळेच. इतक्या लवकर जे येते ते खरे संगीत कसे असेल, हा प्रश्न पियानोच्या शिक्षिकेलाही पडतो आणि गाण्याच्या गुरुजींनाही. शिक्षिका म्हणतात, आधी नोटेशन वाचायला शीक, मग स्केल्स, कॉर्ड्सचे पुढे बघू. गुरुजी म्हणतात, आधी सा नीट लाव. एकदम तीन-तीन सूर दाबायची सवय लागली की कान बिघडतो.

दोघांच्याही मागे परंपरा आहे. मात्र ही परंपरा किती जुनी, असे विचारले तर उत्तर दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या फारसे मागे जात नाही. त्याआधी युरोपात कीबोर्ड शिकणाऱ्या मुलाची सुरुवात बहुधा डाव्या हातातल्या सुरापासून आणि त्यावर उभ्या राहणाऱ्या कॉर्डपासूनच होत असे. ज्याला आज चोरवाट म्हणून नाक मुरडले जाते, तो एके काळचा राजरस्ता होता. तो का बुजला, आपल्याकडे तो येऊनही का रुजला नाही आणि आज कुणाच्याही परवानगीवाचून कसा उघडतो आहे, हे पाहिले म्हणजे नवशिक्याने कॉर्ड्स शिकाव्यात की नाही हा वाद बराचसा मिटतो.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. पांढरी एक हा सा धरला, तर पांढऱ्या पट्ट्यांवर बिलावल थाटाचे सात शुद्ध सूर ओळीने मिळतात. त्यातला एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यापुढचा घ्यायचा, पुन्हा एक सोडायचा आणि त्यापुढचा घ्यायचा. सा-ग-प ही झाली पहिली कॉर्ड. तसेच म-ध-सा ही दुसरी आणि प-नी-रे ही तिसरी. या तिघींत मिळून सातही शुद्ध सूर येतात, एकही बाहेर राहत नाही. बिलावलच्या सुरांतली साधी चाल कोणत्याही क्षणी कोणत्याही सुरावर असली, तरी तो सूर ज्यात आहे अशी एक तरी कॉर्ड नवशिक्याच्या हाताशी असते. तीन कॉर्ड्सवर इतकी गाणी का बसतात, त्याचे कारण हे एवढेच आहे.

तिन्ही कॉर्ड्समधली अंतरेही एकच. पहिल्या सुरापासून दुसरा चार अर्धस्वर वर, दुसऱ्यापासून तिसरा तीन अर्धस्वर वर. ही अंतरे उलटी केली, म्हणजे आधी तीन आणि मग चार, की सा-ग-प मधला गंधार काळी दोनवर जाऊन कोमल होतो आणि मेजर कॉर्डची मायनर होते. एका बोटाने एका पट्टीचे अंतर बदलले की साऱ्या मेळाचा भाव पालटतो, हे नवशिक्याला पहिल्याच दिवशी कानाने कळते. त्यासाठी व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणखी एक युक्ती लौकर शिकावी अशी आहे. सूर तेच ठेवून त्यांचा क्रम बदलायचा. डाव्या हाताची करंगळी सावर, मधले बोट गंधारावर, अंगठा पंचमावर. आता करंगळी न हलवता बाकीची दोन बोटे वर सरकवली की सा-म-ध ही दुसरी कॉर्ड होते. पहिल्या कॉर्डवर परत येऊन अंगठा पंचमावरच ठेवला आणि बाकीची बोटे खाली सरकवून मंद्र निषाद व रिषभ घेतले, की तिसरी. हात उड्या मारत नाही. जागच्या जागी किंचित पसरतो आणि आवळतो. नी-रे-प मधला निषाद षड्जापासून अर्ध्या स्वरावर असल्याने त्याला षड्जाची ओढ असते. ती ओढ पुरी झाली की ओळ संपल्याचे समाधान मिळते. युरोपच्या संगीतातली चारशे वर्षांची वाक्यरचना बव्हंशी या एका ओढीवर उभी आहे.

हे सारे आज निसर्गदत्त वाटते, पण या सा-ग-प मधला गंधार युरोपच्या पंडितांना कित्येक शतके मान्यच नव्हता. मध्ययुगात तिथे सुरांची जुळणी पायथागोरसच्या हिशेबाने होई. पंचमाचा पंचम, त्याचा पंचम असे चार वेळा चढत गेले की गंधार मिळतो, पण तो फार चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर हा गंधार षड्जापासून ४०८ भागांवर येतो. कानाला गोड लागणारा, तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ भागांवर असतो. बावीस भागांची ही तफावत कानाला टोचणारच. म्हणून त्या काळातल्या अनेकस्वरी रचना शेवटाला गंधार टाळून षड्ज-पंचमावर विसावत. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन डन्स्टेबलसारख्या इंग्रज रचनाकारांनी गंधाराने भरलेले गोड मेळ प्रचारात आणले आणि मुख्य भूमीवरच्या संगीतकारांना त्याची भुरळ पडली. १५५८ साली व्हेनिसमध्ये झार्लिनोने आपल्या ग्रंथात ४:५:६ या साध्या गुणोत्तराने षड्ज-गंधार-पंचमाच्या मेळाला शास्त्राची मान्यता दिली. व्यवहार पुढे गेला होता; शास्त्र मागून आले.

ते गुणोत्तर काही इटलीची मिरास नव्हे. चांगली जवारी लावलेला तानपुरा छेडला, तर एकाच तारेच्या चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अंशस्वरांत नेमका हाच सा-ग-प दडलेला असतो. कॉर्ड परकी आणि तानपुरा आपला, अशी सरळ वाटणी करणाऱ्यांनी तानपुऱ्याचा गंधार एकदा नीट ऐकावा. फरक एवढाच, की आपण तो मेळ तारेच्या आत राहू दिला आणि त्याच्या आधाराने एका सुराची वाटचाल केली. युरोपने तो बाहेर काढून बोटांखाली ठेवला.

बोटांखाली ठेवण्याची किंमत मात्र मोजावी लागली. पट्ट्यांच्या वाद्याला सूर हवा तसा वर-खाली करता येत नाही. जुळणी आधीच ठरवावी लागते. पिएत्रो आरोनने १५२३ साली वर्णन केलेल्या जुळणीत पंचम किंचित उतरवून गंधार शुद्ध मिळवला जाई. त्यामुळे काही पट्ट्यांत कॉर्ड्स विलक्षण गोड वाजत आणि काही पट्ट्यांत इतक्या बेसूर, की त्यांतल्या सर्वांत वाईट अंतराला वाजवणारे ‘लांडगा’ म्हणत. पट्टी बदलायची तर लांडग्याला चुकवून. १७२२ साली बाखने ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’चा पहिला भाग पुरा केला आणि सगळ्या चोवीस पट्ट्यांत रचना करून दाखवल्या, त्यासाठी लांडग्याला माणसाळवणारी जुळणी लागली. पुढे एकोणिसाव्या शतकात सगळे अर्धस्वर समान करण्याची पद्धत पियानोवर रूढ झाली. तीत गंधार ४०० भागांवर येतो, म्हणजे स्वयंभू गंधारापेक्षा चौदा भाग चढा. पंचम मात्र अवघा दोन भाग उतरा, जवळजवळ शुद्ध. आज नवशिक्या कोणत्याही पट्टीत तीच बोटे ठेवून तीच कॉर्ड वाजवू शकतो, तो त्या चौदा भागांचा मोबदला देऊन. गुरुजींची तक्रार या चौदा भागांपुरती शंभर टक्के खरी आहे. तिच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

बाखने आपले पुस्तक पुरे केले त्याच १७२२ साली पॅरिसमध्ये रामो या ऑर्गनवादकाचा हार्मनीवरचा ग्रंथ छापला गेला. सा-ग-प, ग-प-सा आणि प-सा-ग या तीन वेगळ्या वस्तू नसून एकाच षड्जावर उभ्या असलेल्या एकाच मेळाची तीन रूपे आहेत, असे त्याने मांडले. आज डाव्या हाताची करंगळी न हलवता कॉर्ड बदलणारा नवशिक्या नकळत रामोचाच सिद्धान्त वापरत असतो.

पण ग्रंथ वाचून कॉर्ड शिकणारे थोडे. शिकणाऱ्यांचा खरा मेळा नेपल्समध्ये होता. सोळाव्या-सतराव्या शतकांत तिथे अनाथ आणि गरीब मुलांना आसरा देणाऱ्या चार धर्मादाय संस्था होत्या. मुलांना पोटापाण्याचे काही शिकवावे म्हणून तिथे संगीत आले आणि अठराव्या शतकापर्यंत त्या संस्था युरोपभर नावाजल्या. मुलांपुढे डाव्या हाताच्या खर्जाच्या सुरांची एकच ओळ ठेवली जाई. त्या प्रत्येक सुरावर कोणती कॉर्ड येते हे ठराविक नियमांनी आणि रोजच्या रियाजाने बोटांत भिनवायचे, मग त्या कॉर्ड्स मोडून, फिरवून, त्यांतून चाल काढायची. या पद्धतीला पार्टिमेन्टो म्हणत. गवंड्याचा मुलगा चिमारोझा अशाच एका संस्थेत शिकला आणि पुढे त्याचे ऑपेरे युरोपच्या राजधान्यांत गाजले. या मुलांना कुणी कलावंत म्हणून घडवत नव्हते. सुतारकामाच्या किंवा शिवणकामाच्या उमेदवारासारखे त्यांना हातचे काम शिकवले जात होते, आणि त्या कामाचे पहिले हत्यार कॉर्ड होती.

नेपल्सबाहेरही चित्र फार वेगळे नव्हते. १६०२ साली व्हियादानाने चर्चसाठी छापलेल्या रचनांत ऑर्गनवादकाला पुरी साथ लिहून दिलेली नव्हती. फक्त खर्जाची ओळ होती, बाकीचे त्याने जागेवर भरायचे. पुढे त्या ओळीखाली आकडे घालण्याची चाल सार्वत्रिक झाली. सुमारे दीडशे वर्षे युरोपातला पट्टीवाद्य वाजवणारा धंदेवाईक माणूस हे आकडे पाहून उजव्या हाताने कॉर्ड्स भरत असे. गाण्याच्या शब्दांवर सी, एफ, जी अशी अक्षरे लिहून गिटार किंवा कीबोर्ड वाजवणारी आजची मुले याच कुळातली आहेत.

दरम्यान १७००च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये मेडिची घराण्याच्या पदरी असलेल्या क्रिस्तोफोरीने तारेवर हातोडी मारणारे वाद्य बनवले. बोट हळू दाबले तर सूर हळू, जोरात दाबले तर जोरात, ही सोय आधीच्या हार्प्सिकॉर्डला नव्हती. त्यामुळे डावा हात मागे ठेवून उजव्या हाताची चाल पुढे आणणे शक्य झाले. मग डाव्या हातातली कॉर्ड एकदम न दाबता मोडून वाजवण्याची रीत पसरली. तिला व्हेनिसच्या आल्बेर्तीचे नाव चिकटले आहे. २६ जून १७८८ रोजी मोझार्टने आपल्या रचनांच्या वहीत एका छोट्या सोनाटाची नोंद केली आणि ती नवशिक्यांसाठी आहे असे स्वतःच लिहिले. सी मेजरमधल्या या सोनाटात डावा हात सुरू होतो तो सा-प-ग-प, सा-प-ग-प असा. नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा काय द्यावे, याबद्दल मोझार्टचे मत हे असे कागदावर आहे.

मग हा रस्ता बुजला कसा? एकोणिसाव्या शतकात पियानो कारखान्यात बनू लागला, मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात गेला, आणि शिकणारा बदलला. नेपल्सच्या मुलाला यातून पोट भरायचे होते. दिवाणखान्यातल्या मुलीने पाहुण्यांसमोर छापील रचना बिनचूक वाजवणे पुरेसे होते. चेर्नीचे अभ्यास, १८५०च्या सुमाराचे बायरचे प्राथमिक पुस्तक, १८७३चे हॅनॉनचे साठ व्यायाम, हे सारे बोटांना कवायत शिकवणारे आणि डोळ्यांना नोटेशन वाचायला लावणारे साहित्य. त्यात वाईट काही नव्हते. उत्तम वादक त्यातून घडले. पण कॉर्ड स्वतः रचण्याचे काम नवशिक्याकडून काढून घेतले गेले. त्याच्या बोटांखाली कॉर्ड्स रोज येत, पण त्या छापून आलेल्या. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७७ पासून बाहेरगावच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा सुरू केल्या, १८८९ मध्ये दुसरे परीक्षा मंडळ निघाले, आणि साम्राज्याबरोबर इयत्तावार परीक्षाही जगभर गेल्या. मुंबईत आजही पियानोचा क्लास म्हटला की आईवडील पहिला प्रश्न विचारतात तो, कितवी ग्रेड. परीक्षेला मोजता येईल असे काही लागते, आणि ऐनवेळी साथ करण्यापेक्षा छापील पान बिनचूक वाजवणे मोजायला सोपे असते.

आपल्याकडे पियानो फार थोड्या घरांत पोचला. पावसाळ्यात फुगणारे लाकूड, सैलावणाऱ्या तारा, जुळवून देणाऱ्या माणसांची वानवा आणि किंमत, ही सारी अडचणच होती. पोचली ती पेटी. पॅरिसच्या दबेनने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून वाजवायचे होते. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते इकडे आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांच्या कारखान्यात त्याला मांडी घालून बसणाऱ्या वादकाला जुळेल असे रूप मिळाले. भाता मागे गेला आणि हाताने मारायचा झाला. या एका बदलाने पुढच्या शंभर वर्षांचे बरेच काही ठरून गेले. डावा हात भात्यात अडकला, पट्ट्यांवर उरला एकटा उजवा. युरोपात ज्या हातातल्या खर्जावर कॉर्ड उभी राहिली, तो हातच आपण वाऱ्याच्या कामाला लावला.

सगळा दोष भात्यावर टाकणे मात्र बरोबर होणार नाही. मराठी संगीत नाटकात पायपेटी आणि ऑर्गन होतेच. १९११च्या ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे पेटीवादनात अग्रगण्य होते; दोन वर्षांनी निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांतही ते होते. ऑर्गनवर बसलेल्या माणसाचे दोन्ही हात मोकळे असत, तरी डाव्या हातात कॉर्ड्सची परंपरा उभी राहिली नाही. बालगंधर्वांच्या गळ्यातल्या पदाला मागून पुढून लपेटणारी साथ हवी होती, खालून उचलणारी नव्हे. राग एका षड्जाभोवती फिरतो. कॉर्ड बदलली की तात्पुरता का होईना आधाराचा सूर बदलतो, आणि रागाला तेच सोसत नाही. मारव्याचे उदाहरण घ्या. त्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जसुद्धा जपून लावायचा. तिथे खाली ठणठणीत सा-ग-प धरला की वर्ज्य पंचम दारातून आत येतो आणि मारवा संपतो. आपल्या वादकांनी कॉर्ड टाळली ती सगळी अज्ञानातून टाळली, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय आहे.

पेटीचे सूर कसे सुधारावेत याची तळमळही याच मातीत झाली. सांगलीचे निवृत्त उपजिल्हाधिकारी कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवरचे आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. सनदी नोकरीतले न्यायाधीश ई. क्लेमेंट्स त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढली गेली आणि विलायतेतून श्रुतींची हार्मोनियम बनवून आणली गेली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर जोरदार वाद झाला आणि ती पेटी पुढे प्रचारात आली नाही. सगळ्यांचे म्हणणे समजून घेण्याजोगे होते. पण हा सगळा वाद एकाच प्रश्नावर चालला होता, की पेटी गळ्याच्या किती जवळ जाते. तिच्यावर दोन हातांनी आणखी काय करता येईल, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

उलट वारे फिरले ते बंदीच्या दिशेने. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ साली हार्मोनियमविरुद्ध लेख लिहिला, रवींद्रनाथ ठाकुरांनीही विरोध नोंदवला, आणि १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. स्वातंत्र्यानंतर माहिती आणि नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या कारकिर्दीतही ती बंदी कायम राहिली. ती सैल व्हायला १९७०चे दशक उजाडले. तीस वर्षे देशातल्या सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गाला अधिकृतपणे सांगितले जात होते, की पट्ट्यांचे वाद्य हे सुराचे शत्रू आहे. आपल्या गुरुजींच्या मनातल्या कॉर्डविषयीच्या अढीला या इतिहासाचाही रंग आहे.

त्याच काळात मुंबईत एक वेगळा प्रवाह वाहत होता आणि त्याचे मूळ गोव्यात होते. पोर्तुगीज अमलात सोळाव्या शतकापासून गोव्यातल्या चर्चना जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजवणे शिकवले जाई. नेपल्सप्रमाणे इथेही संगीत हे गरिबाच्या मुलाचे हातचे काम झाले. त्या जोरावर पिढ्यान् पिढ्या गोवेकर वादक मुंबईत, कलकत्त्यात, संस्थानिकांच्या बँडमध्ये आणि जहाजांवर कामाला लागले. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफर्डसारखा अमेरिकन जॅझ पियानोवादक वाजवत होता आणि गोव्याचे वादक त्या संगीताशी खांद्याला खांदा लावून शिकत होते.

चित्रपटाला आवाज आला आणि या लोकांची गरज पडली. संगीत दिग्दर्शक चाल गुणगुणे. गोव्याचा अरेंजर ती लिहून घेई, तिच्याखाली कॉर्ड्स मांडी, मधल्या जागा वाद्यांनी भरी. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा हे काम वर्षानुवर्षे करत होते. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५१च्या ‘अलबेला’साठी चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवादकाला हाताशी धरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि अरेंजर प्यारेलालांचे गुरू. १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या नायकाला त्यांचे नाव मिळाले ते शिष्याच्या कृतज्ञतेतून. पडद्यावर नायक पियानोपाशी बसला की प्रेक्षकांना ती श्रीमंतीची खूण वाटे. प्रत्यक्षात चाळीतला, रेडिओला कान लावून बसलेला मराठी श्रोता दोन पिढ्या या कॉर्ड्सवरच वाढत होता. त्याच्या कानाला मेजर-मायनरचा फरक केव्हाच कळलेला होता, फक्त हाताला कळलेला नव्हता.

हाताची सोय केली ती जपानच्या कॅसिओ कंपनीने. १९८० साली तिचा पहिला कीबोर्ड बाजारात आला आणि पुढच्या काही वर्षांत त्या कंपनीचे नावच आपल्याकडे अशा साऱ्या वाद्यांना पडले. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, लग्नातला बँड, शाळेचे स्नेहसंमेलन, सगळीकडे ‘कॅसिओ’ पोचला. त्याला भाता नव्हता. मराठी घरात प्रथमच पट्ट्यांपुढे बसलेल्या माणसाचा डावा हात रिकामा झाला. पण हात मोकळा झाला, त्याच सुमाराला त्याचे काम यंत्राने पळवले. डाव्या बाजूला एक बोट ठेवले की यंत्र स्वतःच कॉर्ड धरते, ठेका लावते, खर्जही भरते. ज्याला नेपल्सचा मुलगा वर्षे घालवी ते बटणावर आले. बटणाने कानाला काही शिकवले नाही, कारण कॉर्डमधला मधला सूर हलवून पाहण्याची संधीच त्याने दिली नाही. आताचे मोबाइलवरचे शिकवणीचे व्हिडिओही पुष्कळदा तसेच. रंगीत ठिपके पट्ट्यांवर पडत जातात, मुलगा ठिपक्यांमागे धावतो. हॅनॉनची कवायत गेली आणि ठिपक्यांची आली.

या लांबच्या प्रवासातून काही निष्कर्ष स्पष्टपणे काढता येतात.

पहिला असा, की नवशिक्याने कॉर्ड्सपासून सुरुवात करण्यात संगीताचा काही अवमान नाही. ज्या काळाने बाख आणि मोझार्ट दिले त्या काळाची रीत तीच होती. नोटेशन वाचणे आवश्यक आहे, पण ते कॉर्ड हाताला कळल्यानंतर अधिक लवकर येते, कारण मग पानावरचे सुटे ठिपके सुटे दिसत नाहीत. त्यांचे घोळके ओळखता येतात.

दुसरा असा, की कॉर्ड स्वतःच्या तीन बोटांनी धरायची. यंत्राचे स्वयंचलित बटण सुरुवातीला बंद ठेवावे. सा-ग-प दाबून तिन्ही सूर एकेक करून गाऊन पाहावेत, गंधार कोमल करून पुन्हा गावेत. मग दोन कॉर्ड्समध्ये एकच अदलाबदल, ठोक्यावर, सावकाश. तिसरी कॉर्ड त्यानंतर. आणि लगेच एखादे गाणे, मुलाला पाठ असलेले, तोंडाने म्हणत डाव्या हाताने साथ धरलेले. कॉर्ड कुठे बदलायची हे त्याला सांगू नये. चुकीच्या जागी ती कानाला खटकते, आणि ते खटकणे हाच धडा आहे.

तिसरा निष्कर्ष गुरुजींच्या बाजूचा आहे. ते चौदा भाग खरे आहेत. जो मुलगा फक्त कीबोर्डवर वाढेल त्याच्या कानाला चढा गंधारच शुद्ध वाटू लागेल. त्यावर उपाय कॉर्ड बंद करण्याचा नाही. कीबोर्डशेजारी तानपुरा ठेवण्याचा आहे, खरा असो की मोबाइलवरचा. आधी तानपुऱ्याबरोबर गंधार गायचा, मग पट्टीवरचा ऐकायचा. दोन्हींतला फरक ज्या मुलाला ऐकू आला, त्याचा कान बिघडलेला नसून तयार झालेला असतो. आणि कुठे कॉर्ड धरू नये हेही त्याला सांगावे. बालगीत, प्रार्थना, भावगीत, चित्रपटगीत यांना ती पुष्कळदा शोभते; मारव्याला नाही, मालकंसाला तर सा-ग-प मधला पंचमच वर्ज्य आहे. पेटीची बाजू तुळशीदास बोरकरांसारख्या वादकांनी हयातभराच्या साधनेने लढवली, आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या वाद्यावरचा जुना कलंक पुसल्याची पावती मिळाली. वाद्य दोषी नसते, त्याचा अस्थानी वापर दोषी असतो, हे आपण पेटीच्या बाबतीत उशिरा मान्य केले. कॉर्डच्या बाबतीत पुन्हा तेवढाच उशीर करण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत संगीताच्या तासाला पेटी असते आणि कपाटात स्नेहसंमेलनासाठी घेतलेला कीबोर्ड असतो. पेटी प्रार्थनेला निघते, कीबोर्ड वर्षातून एकदा. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा घेणाऱ्यांनी आणि ट्रिनिटीच्या परीक्षांना मुले बसवणाऱ्यांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसण्याची वेळ आली आहे. संगीतशिक्षकांनी तो कीबोर्ड कपाटातून बाहेर काढावा, मुलांना सात सूर गाता येऊ लागले की तीन कॉर्ड्स शिकवाव्यात, आणि वर्गाने म्हटलेल्या प्रार्थनेला वर्गातल्याच एका मुलाला डाव्या हाताने साथ करू द्यावी. याला नवा अभ्यासक्रम लागत नाही की अनुदान लागत नाही. पालकांनीही ‘कितवी ग्रेड’ हा प्रश्न थोडा मागे ठेवून, ‘कुठल्या गाण्याला साथ करता येते’ असे मुलाला विचारायला सुरुवात करावी.